देवी डॉक्टर ते आशाताई : बीडच्या मोहल्ल्यांतील बालआरोग्याचा मागोवा

मुसलमान मोहल्ल्यातील मुलांच्या आरोग्याचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे लगेच बोलू लागतात. एक म्हणतात, या लोकांना काही सांगून उपयोग नाही, ते लस घेत नाहीत, डॉक्टरचे ऐकत नाहीत, तावीज बांधून बसतात. दुसरे आपल्याच घरातले असतात. ते म्हणतात, सरकारचा काही भरवसा नाही, फुकट मिळणाऱ्या औषधामागे काहीतरी डाव असणारच. पहिल्यांना आमचा अविश्वास कुठून आला याच्याशी कर्तव्य नाही आणि दुसऱ्यांना त्या अविश्वासाची किंमत कोण मोजते याच्याशी नाही. ती किंमत लेकरू मोजते. त्याला गोवर होतो, त्याचा पाय लुळा पडतो, जुलाबाने ते सुकून जाते. म्हणून या प्रश्नाकडे रागाने किंवा लाजेने न पाहता इतिहासाच्या अंगाने पाहावे, असे आम्हाला वाटते. त्यासाठी बीड जिल्हा घेतला. एक तर तो आपला आहे. दुसरे असे की निजामाची राजवट, पोलीस ॲक्शन, दुष्काळ, ऊसतोड आणि स्थलांतर या सगळ्यांचे ओरखडे याच मातीवर आहेत.

हकिमाची बैठक, दाईचा हात

आजार म्हणजे नशीब आणि औषध म्हणजे दुवा, एवढेच मुसलमानांना ठाऊक होते, असा एक समज आहे. तो खरा नाही. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे नीट मांडून सांगणारा ग्रंथ दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अबू बक्र अल-राझी यांनी लिहिला. लहान मुलांच्या आजारांवरही त्यांचे स्वतंत्र लिखाण आहे. इब्न सिना यांच्या ‘अल-कानून’मध्ये नवजात बाळाची नाळ, अंघोळ, झोप, दात येणे, अंगावर पाजणे यांवर सविस्तर मजकूर आहे. बाळाला दोन वर्षे अंगावर पाजावे असा सल्ला त्यात आहे. कुरआनच्या सूरह बकरहमध्येही पूर्ण दोन वर्षांच्या दुधाचा उल्लेख आहे. आज जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि पुढे दोन वर्षांपर्यंत वरच्या अन्नाबरोबर आईचे दूध असे सांगते. म्हणजे इथे धर्म आणि दवाखाना यांचे भांडण नाहीच.

ही यूनानी परंपरा दख्खनमध्ये रुजली, आणि निजामाच्या राज्यात तिला सरकारी आश्रयही मिळाला. हकीम नाडी पाही, मिजाज विचारी, पथ्य सांगे. त्याच्या बैठकीत हिंदू-मुसलमान दोघेही येत. परंतु मूल जन्माला येई ते दाईच्या हातावर, आणि पहिल्या वर्षी त्याला काय द्यायचे हे ठरवी आजी. सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ, खारीक, बदाम उगाळून घुटी देणे ही रीत जशी पाटलाच्या वाड्यात होती तशीच बागवानाच्या आणि पिंजाऱ्याच्या घरातही होती. सटवाईची पूजा आमच्याकडे नसली तरी छटी होती. दृष्ट काढणे आणि नजर उतरवणे यांत फरक असला तर शब्दांचाच. बालसंगोपनाच्या बाबतीत मराठवाड्याचा मुसलमान हा आधी मराठवाड्याचा आहे, हे विसरून चालत नाही.

देवीची साथ आली की हा सामायिकपणा अधिकच दिसे. देवी हा आजार नसून आईचे येणे आहे, म्हणून औषध करायचे नाही, दारात कडुलिंब लावायचा, फोडणी द्यायची नाही, असे हिंदू घरात मानत. दख्खनमधल्या अनेक मुसलमान घरांतही हेच पाळले जाई. पुढे एडवर्ड जेन्नरची लस आली. १७९६ मध्ये ती इंग्लंडात सिद्ध झाली आणि १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला ती यशस्वीपणे टोचली गेली. सुरुवातीच्या काळात एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव काढून दुसऱ्याला टोचत. कोणाच्या मुलाचा द्रव कोणाच्या अंगात, हा प्रश्न जातीने बांधलेल्या समाजात उठणारच होता. पुढे वासराच्या अंगावर वाढवलेली लस आली, तेव्हा काही हिंदूंनी तिला विरोध केला. लसीत काय आहे आणि ते माझ्या धर्माला चालते का, हा प्रश्न फक्त मुसलमानांनी विचारलेला नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

खेड्यातले लोक लस टोचणाऱ्याला ‘देवी डॉक्टर’ म्हणत. तो आला की आया मुलांना कणगीमागे दडवत. हे दडवणे साऱ्या आळ्यांत होते, तेव्हा कोणी एका धर्माचे नाव घेत नव्हते. अखेर भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. ज्या आयांनी मुले दडवली त्यांचीच नातवंडे आज दंडावर देवीचा वण नसलेली पिढी म्हणून वावरत आहेत.

दवाखान्याची भाषा

निजामाच्या हैदराबादमध्ये १८४६ साली वैद्यकीय शाळा निघाली आणि सुरुवातीची काही दशके तिथे उर्दूतून शिकवले जाई. पुढे उस्मानिया विद्यापीठाने आधुनिक वैद्यकाची पुस्तके उर्दूत आणून त्या भाषेत डॉक्टर घडवण्याचा प्रयोग केला. देशी भाषेतून विज्ञान शिकवण्याचा हा मोठाच प्रयत्न होता, आणि त्याबद्दल आपल्याला अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु बीडच्या खेड्यातली मराठी बोलणारी आई त्या वेळी सरकारी दवाखान्यात गेली, तर समोर दरबारी उर्दूतला कागद असे. तिचे ‘लेकरू किरकिर करतंय’ हे त्या कागदावर कसे उतरले असेल?

१९४८ नंतर बाजू पालटली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. कारभार मराठीत आला, तो यायलाच हवा होता. पण आता दखनी बोलणारी आई खिडकीसमोर उभी राहिली. ती म्हणते, ‘बच्चे को दस्त लगे’. मराठीत दस्त म्हणजे नोंदणी कार्यालयातला कागद! भिंतीवरच्या फलकावर लिहिलेले असते ‘अतिसार’. हा शब्द दखनी बोलणाऱ्या बाईला कळत नाही, आणि खरे सांगायचे तर ‘हगवण’ म्हणणाऱ्या मराठी शेतकरी बाईलाही कळत नाही. काल एकीला कळत नव्हते, आज दुसरीला कळत नाही, आणि फलकावरची भाषा दोघींचीही नाही. दवाखान्याने कोणत्या भाषेत बोलावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच ‘उर्दू की मराठी’ असे नाही. आई ज्या भाषेत रडते त्या भाषेत बोलावे, एवढेच ते आहे. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, म्हणजे जलसंजीवनी, वेळेवर द्यायची असते. उकळून गार केलेले पाणी किती, साखर किती, मीठ किती, हे चुकीचे कळले तर औषधाचाच घात होतो. भाषा हा इथे अस्मितेचा नव्हे, मापाचा प्रश्न आहे.

अविश्वास कुठून आला

सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस ॲक्शनबद्दल आपल्या घरांतून दबक्या आवाजात बोलले जाते. रझाकारांनी सामान्य हिंदू प्रजेवर केलेले अत्याचार खरे होते, ते नाकारून इतिहास लिहिता येत नाही. त्यानंतर निरपराध मुसलमानांवर जे गुदरले तेही खरे होते. पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली, आणि हिंसेची झळ बसलेल्या जिल्ह्यांत बीडचेही नाव आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. ज्या घराने सरकारी गणवेशातला माणूस दारात आल्यावर कर्ता पुरुष गमावला, त्या घरात पुढच्या पिढीतही सरकारी माणूस आला की दार थोडे उशिरा उघडते. हे शहाणपण नसेल, पण माणसाचे मन असेच चालते.

दुसरी जखम आणीबाणीची. १९७५ ते १९७७ या काळात नसबंदीची सक्ती देशभर झाली. महाराष्ट्राने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. ही सक्ती फक्त मुसलमानांवर नव्हती, गरीब हिंदू आणि दलितही तिच्यात भरडले गेले. परंतु आरोग्य खात्याची गाडी म्हणजे मूल थांबवणारी गाडी, हे समीकरण तेव्हापासून मनात बसले. पुढे पोलिओच्या थेंबांनी मुले नापुंसक होतात ही अफवा पसरली, ती हवेतून आली नव्हती. अफवा खोटी होती, पण जमीन आधीच नांगरलेली होती.

असे जगात इतरत्रही घडले आहे. नायजेरियातील कानो प्रांतात १९९६ च्या मेंदूज्वराच्या साथीत एका परदेशी कंपनीने आजारी मुलांवर औषधाची चाचणी केली आणि त्यावरून मोठे वादळ उठले. त्याच कानोने २००३ मध्ये पोलिओची मोहीम थांबवली. अखेर इंडोनेशिया या मुस्लिम देशात तयार झालेली लस आणल्यावर ती पुन्हा सुरू झाली. दरम्यान तिथला विषाणू कितीतरी देशांत पोहोचला होता. पाकिस्तानात २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने लसीकरणाचे खोटे नाटक रचले. त्याचे पाप पुढे खऱ्या लसीकरण करणाऱ्या बायकांना आपल्या प्राणांनी फेडावे लागले. सत्ता जेव्हा औषधाला हत्यार बनवते, तेव्हा औषधावरचा विश्वास मरतो. तो परत उभा करायला मग पिढ्या लागतात.

शेजारचे जामखेड

आष्टी आणि पाटोदा या बीडच्या तालुक्यांना लागूनच जामखेड आहे. तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केले. ते ख्रिस्ती होते. भोवतालचा समाज मराठा, दलित, धनगर, मुसलमान असा. त्यांनी आल्याबरोबर कोणाला लसीचे व्याख्यान दिले नाही. लोकांना काय हवे ते विचारले. १९७२ च्या दुष्काळाच्या त्या दिवसांत लोक म्हणाले, पाणी हवे, धान्य हवे. तेव्हा आरोळ्यांनी पाण्याच्या आणि अन्नाच्या कामाला हात घातला. मग गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर अशा बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळाचे वजन कसे घ्यायचे, जुलाबात काय पाजायचे, बाळंतपण स्वच्छ कसे करायचे, हे त्या शिकल्या. गावची बाई गावच्याच भाषेत सांगू लागली, तेव्हा सासूने ऐकले. त्या भागातले बालमृत्यू काही वर्षांत उतरले.

१९७८ च्या सप्टेंबरमध्ये आल्मा-आटा येथे जगातल्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, त्याच्या विचारामागे जामखेडसारख्या प्रयोगांचे अनुभव होते. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारले, तेव्हा त्यांना मोठ्या पांढऱ्या इमारतीची भीती वाटते असे कळले. मग त्यांनी झोपड्यांच्या वस्तीसारखा दवाखाना उभारला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. गावातल्या बायकांनाच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्याने नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यांनी १९९९ मध्ये जगासमोर मांडले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि साधारण हजार वस्तीमागे एक आशा नेमण्याचे ठरले, ती याच वाटेवरची पुढची पायरी होती.

या दोन्ही कामांत एक साधी गोष्ट सारखी आहे. आधी विचारले, मग सांगितले. आज ज्याला ‘संस्कृतीची जाण ठेवणारी आरोग्यसेवा’ असे जड नाव दिले जाते, तिचा गाभा एवढाच आहे.

पोलिओचा रविवार

भारतात पल्स पोलिओची मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. काही वर्षांतच पश्चिम उत्तर प्रदेशातील मुरादाबादसारख्या जिल्ह्यांत ती अडखळली. २००६ मध्ये देशात पोलिओचे ६७६ रुग्ण आढळले, त्यांतले बहुसंख्य एकट्या उत्तर प्रदेशातले होते आणि मुसलमान मुलांचे प्रमाण त्यात फार मोठे होते. सुरुवातीला प्रशासनाने दटावून पाहिले, दारांवर खुणा केल्या. त्याने दारे अधिक घट्ट झाली. मग दिशा बदलली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया, जामिया हमदर्द यांना सोबत घेतले गेले. उलेमांनी आवाहने काढली. मशिदीच्या भोंग्यावरून पोलिओ रविवारची सूचना होऊ लागली. इमामसाहेब स्वतःच्या नातवाला सर्वांसमोर थेंब पाजू लागले. मोहल्ल्यातलीच बाई सोबत आली की दार उघडू लागले. आणि लोकांनी ‘फक्त थेंबच का, तापाचे औषध का नाही, गटार का नाही’ असे विचारले, तेव्हा त्या प्रश्नालाही हळूहळू कान मिळाला. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण नैसर्गिक पोलिओचा देशातला शेवटचा ठरला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह हा सगळा विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. मुसलमान मोहल्ल्यांना वगळून हे यश मिळालेले नाही, त्यांच्या सहभागाने मिळाले आहे. आम्हाला दोष देणाऱ्यांनी हे श्रेयही द्यावे.

जिलेटीनचा प्रश्न

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील मुलांना शाळाशाळांतून लस द्यायची होती. मोबाईलवर तोच जुना मजकूर फिरला, की ही लस मुलींना वांझ करते, हा खास आपल्या कौमविरुद्धचा डाव आहे. हे धादांत खोटे होते, कारण ही लस सर्व शाळांत, सर्व मुलांना दिली जात होती. उलट रुबेलाची लस ही पुढच्या बाळंतपणासाठीच असते. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळ बहिरे, आंधळे किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्मू शकते.

पण एक प्रश्न खोटा नव्हता. लसीत जिलेटीन असते, आणि ते डुकरापासून केलेले असू शकते. हा प्रश्न विचारणाऱ्याला वेडा म्हणून हाकलून देणे सोपे असते. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने तो गांभीर्याने घेतला. तिथे वापरली जाणारी गोवर-रुबेलाची लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती. ऑगस्ट २०१८ मध्ये परिषदेने फतवा दिला. लसीच्या निर्मितीत डुकराचा अंश वापरला आहे, म्हणून ती मूलतः हराम आहे. परंतु पर्याय उपलब्ध नाही आणि न घेतल्यास मुलांच्या जिवाला धोका आहे, म्हणून ‘जरूरत’ या तत्त्वाने ती घेण्यास परवानगी आहे. त्याआधी १९९५ मध्ये कुवेतला भरलेल्या वैद्यकशास्त्रज्ञ आणि फकीहांच्या परिषदेने ‘इस्तिहाला’चे तत्त्व मांडले होते. पदार्थाचे मूळ स्वरूपच बदलून गेले तर त्याचा हुकूमही बदलतो, असा त्याचा आशय. म्हणजे फिकहमध्ये या प्रश्नाला उत्तर आहे, एक नव्हे दोन आहेत.

फतव्याचा अर्धाच भाग लोकांच्या कानी पडला की काय होते हेही इंडोनेशियाने दाखवले. ‘हराम’ हा शब्द पोहोचला, ‘परवानगी’ मागे राहिली, आणि आचे प्रांतात मोहीम जवळजवळ कोलमडली. आपल्याकडे २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव इथे गोवर उसळला आणि बालके दगावली. करोनाच्या काळात सुटलेल्या लसी, दाट वस्ती, कुपोषण आणि शंका या सगळ्यांचा तो एकत्र परिणाम होता. तेव्हाही मशिदींतून आवाहने झाली. पण ती साथ यायच्या आधी झाली असती तर! म्हणून आमचे म्हणणे असे, की आलिमाने पूर्ण वाक्य सांगावे आणि डॉक्टरने प्रश्न पूर्ण ऐकावा.

काय ठेवावे, काय सोडावे

प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या बाळाच्या गळ्यात तावीज असला तर तो तोडून टाकण्याची गरज नसते. दोरा सैल आहे ना, गळ्याला आवळत नाही ना, एवढे पाहिले की पुरे. तावीज राहू द्यावा आणि लसही द्यावी. बाळाच्या कानात अजान देणे, सातव्या दिवशी अकीका करणे, जावळ काढणे, यांत बाळाला अपाय नाही. पाते स्वच्छ असावे, इतकेच. तहनीक म्हणजे बाळाच्या टाळूला चावलेल्या खजुराचा स्पर्श. ती सुन्नत आहे म्हणून आई तिला सोडणार नाही. पण नर्सबाईने समजावून सांगितले की आधी बाळ छातीला लावा, पहिला चीक त्याच्या पोटात जाऊ द्या, तहनीक नावापुरती आणि स्वच्छ हाताने करा, तर आई ऐकते. चीक काढून टाकायची रीत धर्मात कुठेच नाही. ती हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतली जुनी चूक आहे.

काही गोष्टी मात्र सोडायलाच हव्यात. सुरम्यात पुष्कळदा शिसे असते, ते बाळाच्या डोळ्यात घालू नये. मध एक वर्षापर्यंत देऊ नये. खतना करायचीच आहे तर ती जुन्या वस्तऱ्याने नव्हे, निर्जंतुक साधनांनी, शिकलेल्या हाताने व्हावी, आणि घरात कोणाला रक्त न थांबण्याचा विकार आहे का हे आधी विचारावे. पूर्वी हे काम हज्जाम करत, आता बहुतेक घरे डॉक्टरांकडे जातात. शरीअतने नाही म्हटले नाही आणि समाजाने स्वतःहून बदल केला. रमजानमध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला रोजातून सवलत आहे, हे सासूला इमामसाहेबांनी सांगितले तर सून दुपारी पाणी पिऊ शकेल. अशा वेळी धर्माची जाण असलेली नर्स आणि आरोग्याची जाण असलेला इमाम, दोघेही बाळाचे डॉक्टरच ठरतात.

संस्कृतीच्या पडद्याआड

इथे एक धोका आहे. ‘त्यांची संस्कृतीच तशी’ असे म्हणून व्यवस्थेला आपले हात झटकता येतात. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया एकेकाळी तान्ह्या बाळांना अफूची बालागोळी देऊन कामाला जात. ती कोणाची संस्कृती होती? पाळणाघर नव्हते, पगार बुडत होता, ही खरी गोष्ट होती.

बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, त्यांत आपलीही घरे आहेत. पाचटाच्या खोपीत राहणाऱ्या बाळाचे लसीचे कार्ड गावच्या उपकेंद्रात असते आणि बाळ सांगली-कोल्हापूरच्या फडात. पुढचा डोस चुकतो तो मौलवीमुळे नव्हे, मुकादमाच्या उचलीमुळे. याच जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ज्या बाईला डॉक्टरने असे वागवले, तिला डॉक्टरवर विश्वास ठेव म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे?

आणि संस्कृती म्हणजे केवळ अडसर नव्हे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने एक गोष्ट दाखवली, तिची चर्चा फार झाली नाही. मुसलमान अधिक गरीब, शिक्षणात मागे, तरी त्यांच्यातला बालमृत्यूदर देशाच्या सरासरीपेक्षा कमी होता. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण मुसलमानांत हजार मुलांमागे ९५० होते, देशाचे ९२७. बीड जिल्ह्यात ते २००१ मध्ये ८९४ होते आणि २०११ मध्ये ८०७ वर आले, राज्यात सर्वांत खाली. गर्भात मुलगी मारणे आमच्या धर्मात हराम आहे, ही शिकवण एखादी लस टोचावी तशी कामाला आली आहे. दुसरीकडे २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पूर्ण लसीकरण झालेली मुसलमान मुले देशात सुमारे ३६ टक्केच होती, हिंदू मुलांपेक्षा कमी. मुलगी जन्माला येऊ देणारा समाज तिला गोवरापासून वाचवायला का चुकतो, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारायला हवा.

पुढे काय

सपाटीवरच्या तीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजारांमागे एक उपकेंद्र, असा सरकारचाच निकष आहे. मोहल्ल्यांत आणि वस्त्यांत तो पाळला जातो का, हे मोजावे. मोहल्ल्यातल्या मुलीला आशा आणि परिचारिका होण्याची संधी मिळावी. फलक बोलीत असावेत, उर्दूतही असावेत. लसीचे कार्ड कारखान्याच्या फडापर्यंत बाळासोबत जावे. लसीकरणाचा दिवस जुम्याच्या नमाजच्या वेळेवर ठेवू नये, यासाठी पैसा लागत नाही, एक प्रश्न विचारावा लागतो.

आणि आपण? आपल्या जमातीने दवाखान्यात जाऊन बसावे, तिथे काय हवे ते सांगावे. खुतब्यातून बाळाच्या लसीविषयी दोन वाक्ये ऐकू यावीत. उर्दू शाळेच्या पालकसभेत अफवेला नाव घेऊन उत्तर द्यावे. शिकलेल्या तरुणांनी मोबाईलवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी एखाद्या डॉक्टरला दाखवावा. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे.

बीड शहराजवळ १५८२ साली सलाबतखानाच्या काळात बांधलेली खजाना बावडी आहे. दुष्काळातही तिचे पाणी आटत नाही, अशी तिची ख्याती आहे. तिचे पाणी कोणाच्या शेताला जायचे आणि कोणाच्या नाही, हे बांधणाऱ्याने धर्म पाहून ठरवले नव्हते. मुलांच्या आरोग्याची व्यवस्था तशी असावी. ती सर्वांपर्यंत पोहोचावी, आणि आपल्या दारातला पाट मातीने बुजलेला असेल तर तो उपसण्याचे काम आपण दुसऱ्यावर सोपवू नये.